बारा किलो सहाशे

"ताई, हे काय काढलं?"

मी कापडी पिशवीतून वजनकाटा काढून शिकलगारभाईंच्या दुकानाच्या फरशीवर ठेवत होते. पांढरा, वर दोन पावलांचे ठसे असलेला, लोक न्हाणीघराच्या कोपऱ्यात ठेवतात तसला. दुसऱ्या हाताने कडेवरच्या निरूला सावरत होते.

"काटा आहे."

"ते दिसतंय की. कशाला?"

"सायकलचं वजन करायला."

शिकलगारभाई पाठीमागच्या चाकाच्या तारा आवळत होते. पाना खाली ठेवून त्यांनी आधी काट्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. "सायकलीला डाएटवर घालणार व्हय?"

मी हसले नाही. हसलं की दुकानदार सैलावतो आणि मग काहीही गळ्यात मारतो, असं माझं मत होतं.

ही गोष्ट सांगलीची, नऊ वर्षांपूर्वीची. निरू तेव्हा चौदा महिन्यांची होती. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो. लिफ्ट नव्हती, पायऱ्या चौपन्न. खाली पार्किंगमधून दोन महिन्यांत दोन सायकली चोरीला गेल्या होत्या, कुलपासकट. नवरा, अजित, सोलापूरला नोकरीला, शनिवारी रात्री येणार आणि सोमवारी पहाटे जाणार. स्कूटर मला येत नव्हती. म्हणून घडीची सायकल. मागे पट्ट्याची छोटी खुर्ची बसवून निरूला न्यायचं, आणि घरी आल्यावर एका कडेवर मुलगी, दुसऱ्या हातात सायकल, असं वर चढायचं. तर मग ती किती किलोची, हे बघायला नको?

"ही निळी बघा." भाईंनी एक सायकल ओढून पुढे आणली, मधली कळ उघडली, सीट खाली दाबली, आणि सायकल स्वतःवरच दुमडून उभी राहिली. दांडीला पुठ्ठ्याचं कार्ड बांधलेलं होतं. त्यावर खडूने लिहिल्यासारख्या जाड अक्षरात: १२.६. "आणि ही लाल. दहा नऊशे."

"कंपनी सांगते ते वजन ना हे?"

"न्हाई न्हाई. कंपनी पॅडल काढून, स्टँड काढून, मडगार्ड काढून वजन सांगती. नुसता सांगाडा. मी सगळं लावून, खुंटीला लटकवून केलंय." त्यांनी छताच्या आकड्याला टांगलेला लोंबता काटा दाखवला. "लाल हलकी आहे म्हणून घेऊ नका ताई. घडी केल्यावर तिची कळ नीट बसत न्हाई. जिन्यात उघडती, पॅडल नडगीला लागतं. निळी दोन किलो जास्त, पण हितं सीटखाली धरली की तोल बरोबर मध्ये येतो. जिन्यात वजनापेक्षा तोल महत्त्वाचा."

म्हणजे निळी खपत नाहीये, मी मनात म्हटलं. जड माल म्हणून पडून राहिलीय आणि तिसऱ्या मजल्यावरची बाई बघून हे तोलाचं तत्त्वज्ञान काढलंय.

"मी माझ्या काट्यावर करते," मी म्हणाले.

"करा की. पण लेकीला कुठं ठेवताय? हितं सगळं ग्रीस."

त्यांनी एक जाडजूड टायर आडवा टाकला, त्यात स्वच्छ गोणपाट अंथरलं. निरूला आत बसवायला त्यांनी हात पुढे केले, मी द्यावं की न द्यावं करेपर्यंत ती त्यांच्याकडे झेपावली.

"बाबो!" ते म्हणाले. "जड आहे की लेक!"

असं सगळेच म्हणायचे. लहान मुलाला कुणी हलकं म्हणत नाही. हौसामावशीही रोज संध्याकाळी निरूला माझ्या हातात देताना म्हणायच्या, "जड झाली ओ पोरगी." आणि मला तेच सगळ्यात खटकायचं. माझा काटा तर वेगळंच सांगत होता.

हौसामावशींचं पाळणाघर आमच्या मागच्या गल्लीत होतं. स्वतःच्याच घराच्या पुढच्या खोलीत त्या चार मुलं सांभाळायच्या. पाचवा त्यांचा नातू, बाळू. निरूहून महिनाभराने लहान, पण गालांनी डोळे झाकलेले, मनगटाला वळ्या. निरू दहा महिन्यांची झाल्यावर मी तिला तिथे ठेवून कॉलेजच्या ग्रंथालयात पुन्हा कामावर जायला लागले. दोनेक महिन्यांनी अजितने त्याच्या होस्टेलच्या दिवसांतला हा काटा माळ्यावरून काढून दिला. आधी मी एकटी उभी राहायचे, मग निरूला घेऊन, आणि वजाबाकी करायचे. दर रविवारी. उभं राहण्याआधी बाजूची चकती फिरवून काटा अगदी शून्यावर आणायचे. त्यात कधी हयगय केली नाही.

नवव्या महिन्यात लस टोचताना दवाखान्यात निरूचं वजन आठ किलो शंभर भरलं होतं. बाराव्या महिन्यात घरी पावणेआठ. चौदाव्यात आठ. पाच महिन्यांत मूल वाढलंच नव्हतं.

मग मी नाचणी सत्त्वाच्या बरणीला रेघा मारायला लागले. बरणी पारदर्शक होती, पाळणाघरातच असायची. सकाळी निरूला ठेवताना लेबलच्या कडेला बॉलपेनने बारीक रेघ, कुणाला दिसणार नाही अशी. संध्याकाळी बघायचे. दोन चमचे सांगितले असताना बरणी चार चमच्यांनी खाली गेलेली असायची. एकदा मी सहज विचारल्यासारखं विचारलं, तर मावशी म्हणाल्या, "दोनदा मागती ओ. भुकेलं असतंय लेकरू." दोनदा खाणाऱ्या मुलीचं वजन वाढत नाही, आणि बाळूच्या मनगटाला वळ्या. यात न कळण्यासारखं काय होतं?

आदल्याच दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी मी स्फोट केला. स्फोट म्हणजे, आवाज चढवला नाही. शिकलेल्या बाया चढवत नाहीत. मी फक्त बाळूकडे बघत म्हणाले, "उद्यापासून निरू येणार नाही. तिचं सत्त्व कुणाच्या अंगी लागतंय ते दिसतंच आहे." तिथल्याच रोहितची आई तेव्हा दारात चप्पल घालत होती. ती थबकली. गल्लीत तिने मला गाठलं, आणि मी तिला सगळं सांगितलं. रेघांसकट. तिने त्याच रात्री मला फोन केला, की रोहितलाही ती काढतेय, आणि बाकीच्या दोघींशीही बोलतेय.

नवं पाळणाघर मी आधीच बघून ठेवलं होतं, दोन किलोमीटरवर. तिथे कॅमेरे होते. म्हणून सायकल.

मी काट्यावर उभी राहिले. बावन्न. वाळलेच होते मी. बाळंतपणानंतर सगळे म्हणायचे अंग धरलंस, पण काटा खोटं बोलत नाही. हल्ली निरूला घेऊन दुसऱ्या मजल्यापर्यंत आलं की खांदा भरून यायचा, तो अशक्तपणाच. मग भाईंनी निळी सायकल माझ्या हातात दिली. त्रेसष्ट.

"अकरा," मी म्हणाले.

"अकरा? शक्य न्हाई."

"बघा ना तुम्हीच."

भाई गुडघ्यावर बसून वाकले. मी लाल सायकल मागितली. साडेएकसष्ट. "साडेनऊ. तुम्ही लिहिलंय दहा नऊशे."

"ताई," ते हळूच म्हणाले, "तुमच्या हिशेबानं मी माझ्याच सायकली जड करून सांगतोय."

वजन चोरणारा माणूस कमी सांगेल. हलकी म्हणून सांगेल, बारा सहाशेची अकरा म्हणेल. जास्त कशाला लिहील? मी पटकन विचार केला: निळी जड दाखवून लाल खपवायची असेल. पण लाल घेऊ नका असं तर तेच म्हणत होते. आणि तीही जास्तच लिहिली होती.

"तुमचा तो लोंबता काटा जुना आहे," मी म्हणाले.

"आहे. तुमचा?"

"माझा शून्यावर असतो नेहमी."

"माझाबी असतो." त्यांनी कपाळ पुसलं. "हे बघा. तुमचा माझ्यावर विश्वास न्हाई, माझा तुमच्या काट्यावर न्हाई. शेजारी पट्टणशेट्टीअण्णांचं गुळाचं दुकान आहे. मोठा काटा आहे त्यांच्याकडं, पोती मोजायचा. सरकारी शिक्क्याचा. चला तिसऱ्याकडं."

भाईंनी निळी सायकल उचलली, मी एका हातात निरू आणि दुसऱ्यात काटा घेतला. अण्णा गादीवर बसून पेपर वाचत होते. धोतर, कपाळाला भस्म, समोर गोणपाटात गुंडाळलेल्या गुळाच्या ढेपांची रास. भाईंनी दोन वाक्यांत प्रकार सांगितला. अण्णांनी चष्मा वर केला.

"रियाज, सायकल गुळाच्या काट्यावर? चिकटली तर मी जबाबदार न्हाई बरं."

सायकल लोखंडी पाटावर चढली. लाल आकडे नाचले आणि थांबले. बारा किलो सहाशे.

"बघा," भाई म्हणाले.

मी बघत होते ते आकड्यांकडे नाही, त्या दोघांकडे. एका रांगेतली दुकानं. सकाळचा चहा एकत्र घेत असणार. एकमेकांना नावाने हाक मारतात.

अण्णा पेपर घडी करत होते. त्यांना ते कळलं असावं. त्यांनी पायरीखालून एक काळंभोर लोखंडी वजन दोन्ही हातांनी ओढत आणलं. वर कडी, बाजूला ठोकलेले शिक्के. "वीस किलो," ते म्हणाले. "दर वर्षी हापिसात नेऊन तपासून आणतो. हे माझं न्हाई, सरकारचं." त्यांनी ते आपल्या काट्यावर ठेवलं. वीस. नेमकं. मग मला म्हणाले, "आता तुमच्यावर ठेवा."

मी माझा काटा फरशीवर ठेवला. चकती फिरवून शून्यावर आणला. भाईंनी वजन उचलून दोन पावलांच्या ठशांवर ठेवलं.

काटा साडेसतराच्या खुणेवर जाऊन थांबला.

मी वजन उतरवायला लावलं. पुन्हा शून्य बघितलं. पुन्हा ठेवायला लावलं. साडेसतरा.

"स्प्रिंग गेली असंल," भाई म्हणाले. "जुनी झाली की असं होतं. शून्यावर बरोबर दाखवतं, भार आला की चोरतं. आता सायकल कुठली, ते—"

"अण्णा," मी म्हणाले, "हिचं करता येईल?"

"कुणाचं?"

मी निरूला पुढे केलं.

अण्णा आधी हसले, मग माझा चेहरा बघून हसायचे थांबले. त्यांनी पाटावर पेपरची घडी पसरली. निरूला मधोमध बसवलं. ती कडेचा गुळाचा चुरा बोटाने उचलायला वाकली, आकडे हलले, ती चुरा तोंडात घालून स्थिर झाली. नऊ किलो दोनशे.

"छान आहे की," अण्णा म्हणाले. "दहा किलोच्या ढेपेला आठशे कमी. किती महिन्यांची?"

"चौदा."

"मग काय. चांगली गुबगुबीत आहे."

मी निरूला उचललं. खांदा भरून आला. नऊ किलो दोनशेने खांदा भरून येणारच. मग कुणी सांगितलं नव्हतं तरी मीच निरूला भाईंकडे देऊन पाटावर उभी राहिले. साठाला दोनशे कमी. भाई शहाणपणाने रस्त्यावरची एक रिक्षा बघत होते.

"म्हणजे मी वाळलेली नाही," मी म्हणाले. कुणाला म्हणाले, माहीत नाही.

"वाळलात? तुम्ही?" अण्णा म्हणाले आणि पेपरमागे गेले.

बाहेर आल्यावर भाईंनी विचारलं, "मग निळी की लाल? खुर्ची आजच बसवून देतो. कुठवर न्यायचंय रोज लेकीला?"

"मागच्या गल्लीत," मी म्हणाले.

"मागच्या गल्लीत? चालत जावा की मग! सायकल कशाला?"

"ठेवा. मी सांगते." काटा मी त्यांच्या भंगाराच्या पेटीशेजारी ठेवला. त्यांनी नको म्हटलं, हो म्हटलं, काही आठवत नाही.

हौसामावशींच्या घरापर्यंत पोचायला मला पंधरा मिनिटं लागली असतील. शनिवार म्हणजे अर्धा दिवस, तरी एरवी दुपारी दोनपर्यंत मुलं असायची. खोलीत फक्त बाळू होता, भिंतीला धरून उभा. सतरंज्या घडी करून एकावर एक ठेवलेल्या. मावशी दारातच बसून मेथी निवडत होत्या. मला बघून उठल्या नाहीत.

"बरणी न्यायला आला व्हय?" आत हात करून त्या म्हणाल्या. "तिथं शेल्फावर आहे. पुसून ठेवलीय. तुमची रेघ मात्र गेली न्हाई, पेनाची हाय ना."

मी उभीच राहिले. "तुम्हाला रेघ दिसली होती?"

"पहिल्या दिवशी दिसली. चष्मा घालतो आम्ही, आंधळं न्हाई."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तुम्ही इचारलं तवा सांगितलं की, दोनदा मागती म्हणून. तुम्ही मान हलवली."

निरू माझ्या कडेवरून खाली उतरायला धडपडत होती. सोडलं तशी ती रांगत बाळूकडे गेली, आणि त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. मी मावशींसमोर खाली बसले.

"मावशी, काटा खोटा होता. आमचा, घरचा. निरूचं वजन चांगलं आहे. नऊ दोनशे. आत्ता गुळाच्या दुकानात करून आणलं."

त्या एक काडी मोडत होत्या. मोडून झाली. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "पोरीचं चांगलं हाय हे बरं झालं."

"माझी चूक झाली. फार मोठी."

मेथीची पानं परातीत पडत होती.

"मी रोहितच्या आईला आजच सांगते. बाकीच्या दोघींनाही. घरी जाऊन सांगते."

"सांगा. दुसऱ्या दोघी येतील. त्यांना दुसरीकडं परवडत न्हाई." मग मेथीची जुडी पुढे ओढून, "रोहितची आई यायची न्हाई. ती काल रातीच दप्तर न्यायला आली, तवा बाळूकडं अशी बघत होती ओ... चोराकडं बघतात तशी. तेरा महिन्याचं पोर ते."

मला रडू येत होतं आणि ते त्यांच्यासमोर काढायचा मला हक्क नाही हेही कळत होतं. मी नखाने सतरंजीची दशी ओढत बसले. आतून निरूचा आवाज आला. ती शेल्फाखाली उभी राहून बरणीकडे हात करत होती. "मं, मं," म्हणत होती.

मावशींनी मागे वळून बघितलं. "आता बघा. जेवून आली असंल की नाही?"

"हो. बारा वाजता."

"मग?"

त्या हात झटकून उठल्या, आत गेल्या, सत्त्व कालवायला लागल्या. मीही मागोमाग गेले. गॅसच्या ज्योतीकडे बघत मी विचारलं, "सोमवारी आणू हिला?"

"आणा की. तिनं काय केलंय?" चमचा फिरत होता. "पण बरणी रेघ मारून आणायची."

"मावशी, लाजवू नका हो आता."

"लाजवत न्हाई." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. "रोज मारायची. चोरून न्हाई, माझ्या देखत. सकाळी एक, संध्याकाळी एक. उद्या परत तुमचं काहीतरी बिघडलं, काटा न्हाई तर आणखी काय, तर माझ्यापाशी दाखवायला काय असणार ओ? रेघ तरी असंल."

त्या संध्याकाळी मी तिघींच्याही घरी गेले. दोघींची मुलं सोमवारी परत आली. रोहितच्या आईने मला पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "असेल हो तुमचा काटा खराब. पण एकदा मनात आलं ना..." रोहित परत आला नाही. त्याची जागा भरायला मावशींना पाच महिने लागले.

निळी सायकल मी घेतली, दिवाळीनंतर, कॉलेजला जायला. सीटखाली धरली की तोल खरंच मध्ये येतो. एका कडेवर निरू, दुसऱ्या हातात बारा किलो सहाशे, चौपन्न पायऱ्या. दुसऱ्या मजल्यावर थांबावं लागायचं, पण चढायचे.

आणि रेघ. निरू शाळेत जाईपर्यंत, जवळजवळ तीन वर्षं, ती मोठी होऊन सत्त्व सुटलं आणि बरणीत पोहे, मग शेंगदाण्याचे लाडू आले तरी, मी रोज सकाळी मावशींसमोर बरणी धरून रेघ मारायचे आणि त्या चष्मा लावून बघायच्या. एकदा कॉलेजात परीक्षा होती, उशीर झाला होता, मी निरूला सोडून तशीच पळाले. गल्लीच्या तोंडाशी पोचले तेव्हा मागून हाक आली. मावशी बरणी आणि पेन घेऊन दारात उभ्या होत्या.

"बाई," चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "रेघ राहिली."

मी सायकल वळवली.